तापणारी पाटी

इंग्रजीतील ‘टॅब्लेट’ या शब्दाचा मूळ अर्थ पाटी किंवा लहान फलक असा आहे. शाळेतल्या जुन्या दगडी पाटीने कोणाचा हात पोळल्याचे ऐकिवात नाही. तिच्या या विजेवर चालणाऱ्या धाकट्या बहिणीची गोष्ट मात्र निराळी आहे. उन्हाळ्याच्या दुपारी तिच्यावर तासभर चित्रपट पाहावा, मुलांनी एखादा धावपळीचा खेळ खेळावा, किंवा चार्जिंग चालू असतानाच परगावच्या नातलगांशी समोरासमोर गप्पा माराव्यात, की तिची पाठ तापू लागते. मग कधी तिची गती मंदावते, कधी पडदा आपोआप काळवंडतो, आणि कधी ‘यंत्र थंड होईपर्यंत थांबावे’ अशा आशयाची सूचना झळकवून ती मौन धारण करते. घरात तर्क सुरू होतात. कोणी कंपनीला बोल लावतो, कोणाला संगणकीय विषाणूचा संशय येतो, आणि कोणी ती सरळ फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला देतो. यांपैकी शेवटचा सल्ला सर्वांत वाईट आहे. तो का वाईट, हे कळण्यासाठी आधी ही उष्णता येते कोठून आणि जाते कोठे हे पाहिले पाहिजे.

घरात पाटी अर्धा तास बंद पडली तर करमणुकीचा खोळंबा होतो, एवढेच. परंतु हे यंत्र आता करमणुकीपुरते उरलेले नाही. २०२० साली करोनाच्या साथीत शाळांना कुलुपे लागली तेव्हा अनेक मुलांचे वर्ग अशाच पडद्यांवर भरले. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘अनमोल’ या नावाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात गावोगाव फिरणाऱ्या परिचारिकेने गरोदर स्त्रियांच्या आणि बालकांच्या नोंदी जाडजूड वह्यांऐवजी टॅब्लेटवर कराव्यात अशी योजना होती. अशा परिचारिकेचे यंत्र मे महिन्यात भर दुपारी एखाद्या वस्तीवर गप्प झाले, तर लसीची नोंद कागदाच्या चिठोऱ्यावर होते. आणि चिठोरे हरवतात. तेव्हा तापणाऱ्या पाटीचा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

विजेवर चालणाऱ्या कोणत्याही उपकरणात शिरलेली वीज शेवटी जाते कोठे? पंख्यात तिचे रूपांतर गतीत होते, दिव्यात काही अंशी प्रकाशात होते. टॅब्लेटमध्ये मात्र पडद्यातून बाहेर पडणारा थोडासा प्रकाश, ध्वनी आणि बिनतारी लहरी एवढे सोडले, तर बाकीची सर्व वीज उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. गणित करा, चित्र दाखवा, पत्र लिहा, काम कोणतेही असो. त्यासाठी खर्ची पडलेली वीज यंत्राला तेवढेच तापवून जाते. म्हणूनच यंत्र किती उष्णता निर्माण करीत आहे हे जाणण्यासाठी उष्णतामापकाची गरज नाही. बॅटरी किती वेगाने उतरते एवढे पाहिले तरी पुरे. समजा, बॅटरीची साठवण ३० वॅट-तास आहे आणि पुस्तक वाचताना ती १० तास पुरते. याचा अर्थ यंत्र सरासरी ३ वॅट वीज खाते आणि जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकते. तीच बॅटरी एखाद्या खेळात ३ तासांत रिकामी झाली तर ती उष्णता १० वॅट झाली. विजेवरच्या इस्त्रीच्या मानाने १० वॅट म्हणजे काहीच नव्हे. पण इस्त्रीला तापण्यासाठीच जन्माला घातलेले असते. पाटीला तसे नाही.

आता ही उष्णता बाहेर पडते कशी, हे पाहू. टेबलावरच्या संगणकात पंखा असतो, तो गरम हवा बाहेर लोटतो. टॅब्लेटच्या आठ-नऊ मिलिमीटर जाडीच्या, किंबहुना हल्ली त्याहूनही पातळ अंगात पंख्याला जागा नसते आणि हवेसाठी झरोकेही नसतात. आतल्या प्रोसेसरची उष्णता ग्राफाइटच्या पातळ पत्र्यांतून आणि धातूच्या सांगाड्यातून सर्वांगभर पसरविली जाते, आणि मग पाठ व पडदा या दोन पृष्ठभागांवरून ती सावकाश हवेत जाते. माठातले पाणी पाझरून बाष्प होते म्हणून माठ गार राहतो. मनुष्यदेह घाम गाळतो म्हणून तो उन्हाळ्यात तग धरतो. पाटीला पाझरता येत नाही आणि घामही येत नाही. तिच्या हाती एकच उपाय असतो: भोवतालच्या हवेपेक्षा अधिक गरम होणे आणि त्या फरकाच्या बळावर उष्णता बाहेर ढकलणे.

हा फरक किती पडतो याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. दहा इंची पाटीची लांबी २५ आणि रुंदी १७ सेंटिमीटर धरली, तर दोन्ही बाजूंचा मिळून पृष्ठभाग ८५० चौरस सेंटिमीटर होतो. स्थिर हवेत एवढा पृष्ठभाग, हवा आणि त्याच्यातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, साधारण पाऊण ते एक वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे वाचनाच्या ३-४ वॅटला हवेपेक्षा ४-५ अंशांची चढती पुरते. खेळाच्या १० वॅटला ११-१२ अंश लागतात, आणि प्रोसेसरच्या नेमक्या जागी त्याहून अधिक. बंगळूरच्या २६ अंशांच्या खोलीत अशी पाटी ३८ अंशांवर स्थिरावेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. नागपूरच्या ३८ अंशांच्या खोलीत तीच पाटी, तोच खेळ आणि तोच खेळाडू असताना, ५० अंशांवर जाऊन बसेल. यंत्र दोन्हीकडे सारखेच निर्दोष आहे. बदलली आहे ती फक्त हवा.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की पाटी गादीवर, उशीवर किंवा गोधडीत ठेवली म्हणजे तिची एक बाजू जणू बंदच होते. निम्मा पृष्ठभाग गेला की ११-१२ अंशांची चढती दुपटीच्या जवळ जाते. मुलांच्या हातून पडली तरी फुटू नये म्हणून घातलेले जाड फोमचे कव्हरही असेच वागते. ते पडण्यापासून वाचविते, पण कांबळे पांघरल्यासारखी उष्णता आत कोंडून ठेवते. टेबलावर लहानशा घडवंचीवर उभी केलेली आणि कव्हर काढलेली पाटी, त्याच खोलीत, त्याच कामाला कितीतरी कमी तापते. पंख्याचा वारा तिच्यावर येत असेल तर आणखी उत्तम. मात्र पंखा तिला खोलीतल्या हवेहून थंड करू शकत नाही, हेही लक्षात ठेवावे. लू वाहत असताना खिडकीशी ठेवलेली पाटी त्या वाऱ्याने निवत नाही.

येथे हाताच्या स्पर्शाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. धातूच्या पाठीची पाटी प्लॅस्टिकच्या पाटीपेक्षा हाताला अधिक गरम लागते. याचे कारण धातू आपली उष्णता हाताला झपाट्याने देतो. तो हवेलाही ती तितक्याच उदारपणे देतो. तेव्हा हाताला जाणवणारी ऊब ही बऱ्याच वेळा आतली उष्णता सुरळीत बाहेर पडत असल्याची खूण असते. पाठ गार आणि आतील भाग धुमसत असलेला, अशा यंत्रापेक्षा पाठ कोमट असलेले यंत्र बरे.

या संदर्भात २०१२ सालचा एक वाद उद्बोधक आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ॲपल कंपनीचा तिसऱ्या पिढीचा आयपॅड बाजारात आला आणि तो फार तापतो अशी ओरड सुरू झाली. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या अमेरिकेतील ग्राहकांच्या नियतकालिकाने त्यावर एक खेळ चालवून पाहिला, तेव्हा पाठीच्या सर्वांत तप्त भागाचे तापमान ११६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४७ अंश सेल्सिअस भरले. थोडा वेळ हाती धरण्यास ते फारसे त्रासदायक नाही असाही त्याच परीक्षकांचा अभिप्राय होता. परंतु लोकांच्या लक्षात आकडा राहिला, अभिप्राय राहिला नाही. खरे कारण जाहिरातीतच दडलेले होते. आधीच्या आयपॅडची बॅटरी २५ वॅट-तासांची होती, नव्याची ४२.५ वॅट-तासांची, आणि दोन्ही सुमारे १० तास पुरतात असे सांगितले जात होते. म्हणजे आधीचे यंत्र सरासरी अडीच वॅट खात होते, नवे सव्वाचार. पडद्यावरील चित्रकणांची संख्या चौपट झाली होती, त्यांच्या मागचा प्रकाश वाढवावा लागला होता, आणि त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने वसूल होत होती. अधिक देखणा पडदा हवा, तो तेवढाच वेळ चालायला हवा, आणि पाठ मात्र गार राहायला हवी, या तीन मागण्या एका पातळ पाटीकडून एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत.

आता या देशाच्या हवामानाकडे वळले पाहिजे. कारण ही यंत्रे ज्या हवेसाठी आखलेली असतात ती हवा येथे वर्षाचे काही महिने नसतेच. बहुतेक टॅब्लेटच्या माहितीपत्रकात वापराची तापमान-मर्यादा ० ते ३५ अंश अशी दिलेली आढळते. ही मर्यादा हवेच्या तापमानाची आहे. वाराणसी, ग्वाल्हेर, अकोला किंवा रायचूर येथे राहणाऱ्याला एप्रिल-मेच्या दुपारी ३५ अंशांची हवा मिळाली तर तो ती थंड म्हणेल. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. आणि वेधशाळेचे आकडे सावलीतल्या, झरोक्यांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असतात. उन्हाचा हिशेब वेगळाच आहे.

तो हिशेब असा. स्वच्छ दुपारी माथ्यावरचा सूर्य दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ओततो. दहा इंची पाटीच्या एका बाजूवर त्यातले ४० वॅटहून अधिक पडतात, आणि काळी काच त्यांतला बराच मोठा भाग शोषून घेते. यंत्र स्वतः ४ वॅट उष्णता निर्माण करीत असताना सूर्य तिच्या कित्येक पट उष्णता वरून घालीत असतो. त्यातच उन्हात दिसावे म्हणून पडदा आपला प्रकाश पूर्ण वाढवितो, आणि यंत्राची स्वतःची उष्णताही वाढते. म्हणून उन्हात ठेवलेली बंद पाटीसुद्धा तापते, आणि एखादे ॲप बंद करून ती निवेल ही आशा तेथे व्यर्थ ठरते. उन्हात तापलेल्या पाटीला उपाय एकच: सावली. झाडाची असो, छत्रीची असो, पदराची असो. बंद मोटारीत, त्यातही पुढच्या काचेखाली, पाटी विसरून जाणे तर सर्वांत वाईट. तेथील तापमान बाहेरच्यापेक्षा सहज २०-३० अंशांनी चढते, आणि बंद ठेवलेल्या यंत्रासाठी सांगितलेली ४५ अंशांची मर्यादाही केव्हाच मागे पडते.

घरोघरी, शेतोशेती फिरून नोंदी करणाऱ्यांच्या हाती जेव्हा हजारोंच्या संख्येने अशी यंत्रे दिली जातात, तेव्हा खरेदी करणाऱ्यांनी तापमानाचा रकाना पडद्याच्या आकाराच्या आधी वाचावा, हे उचित होय. उन्हातान्हात वापरण्यासाठी ५० किंवा ६० अंशांपर्यंत चालतील अशी दणकट यंत्रेही तयार होतात. ती जड असतात आणि महागही पडतात. पण वैशाखात दुपारभर बंद राहणारे स्वस्त यंत्र तरी स्वस्त कसे म्हणावे? ज्यांच्या हाती साधेच यंत्र आले आहे त्यांनी सकाळच्या वेळात नोंदी उरकाव्यात, पाटी पाठीवरच्या काळ्या पिशवीऐवजी फिकट रंगाच्या कापडी पिशवीत बाळगावी, आणि माहिती पाठविण्याचे काम संध्याकाळी चांगल्या जोडणीच्या ठिकाणी करावे. या शेवटच्या सूचनेला शास्त्रीय आधार आहे. सिमकार्डाच्या टॅब्लेटला मनोऱ्याचा संदेश क्षीण मिळू लागला की तो आपला प्रक्षेपक अधिक जोराने चालवितो आणि पुनःपुन्हा प्रयत्न करतो. दुर्गम गावात काही न करताही पाटी तापते व बॅटरी भराभर उतरते, ती यामुळे.

थंड प्रदेशातील मराठी कुटुंबांना, आणि तेथे नेमणुकीवर असलेल्या सैनिकांना, हा विषय आपला नव्हे असे वाटेल. तसे पूर्णतः नाही. लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीवरच्या गावी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश असतो; विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते आणि ऊन अधिक प्रखर असते. शिवाय शून्याखालच्या थंडीत बॅटरी चार्ज केल्यास तिच्या आत लिथियमचा धातुरूप थर साचतो व तिचे कायमचे नुकसान होते. तेथे पाटी खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जरला जोडणे बरे.

यंत्र स्वतःची काळजी कशी घेते हेही जाणून घेण्यासारखे आहे, कारण त्याची लक्षणे अनेकांना बिघाड वाटतात. आत ठिकठिकाणी सूक्ष्म तापमापक असतात. तापमान चढू लागले की प्रथम प्रोसेसर आपली गती कमी करतो. खेळ अडखळू लागतो तो म्हणून. त्यानंतर पडदा मंद होतो, कॅमेऱ्याचा झोत बंद पडतो, चार्जिंग थांबते. एवढ्यानेही भागले नाही तर यंत्र सूचना देऊन झोपी जाते. मंदावलेल्या यंत्राला ‘जड झाले’ म्हणून नवे घेण्यास निघालेल्या गृहस्थाने तेच यंत्र एकदा पहाटे वापरून पाहावे. पहाटे ते चपळ असेल तर दोष यंत्राकडे नाही. पहाटेही ते विनाकारण तापत असेल, तर सेटिंगमधील बॅटरीचे पान उघडावे. कोणते ॲप किती वीज खाते हे तेथे लिहिलेले असते. एखादे ॲप पडद्यामागे अडकून रात्रंदिवस धावत असते, ते तेथे सापडते. नवी प्रणाली घातल्यानंतर एक-दोन दिवस यंत्र छायाचित्रांची व फाइलींची नव्याने मांडणी करीत असते, तेव्हाची ऊब आपोआप ओसरते.

या सर्वांत ज्याचे खरे नुकसान होते ती बॅटरी. प्रोसेसर ९०-१०० अंशांपर्यंतची उष्णता सोसतो. काच आणि धातू यांना तर तिचे काहीच वाटत नाही. लिथियम-आयन बॅटरी मात्र साधारणपणे माणसाला सुखावह वाटते त्याच हवेत सुखी असते. ही बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली, आणि तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यात वीज साठते ती रासायनिक क्रियेने. आणि वीज देणाऱ्या क्रियेबरोबर बॅटरीला झिजविणाऱ्या काही अनिष्ट क्रियाही आत हळूहळू चालूच असतात. रसायनशास्त्रातील एक ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. २५ अंशांत जी झीज दोन वर्षांत व्हायची ती ३५ अंशांत वर्षात, आणि ४५ अंशांत सहा महिन्यांत होऊ शकते. हा नियम काटेकोर नव्हे, परंतु दिशा तो बरोबर दाखवितो. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या दिवाळीला बॅटरी निम्मा वेळच पुरू लागते, आणि तोवर मे महिना कोणाला आठवत नाही.

बॅटरी पूर्ण भरलेली असताना तापली तर झीज अधिक होते. कार्यालयांच्या स्वागतकक्षात, दवाखान्यांत, दुकानांच्या गल्ल्यावर भिंतीला लावलेल्या पाट्या कायम चार्जरला जोडलेल्या, कायम शंभर टक्के भरलेल्या आणि कायम उजळलेल्या असतात. त्यांच्या बॅटऱ्या एक-दोन वर्षांत फुगलेल्या आढळतात, याचे आश्चर्य नको. अलीकडच्या अनेक यंत्रांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते. कायम जोडून ठेवायच्या यंत्रात ती अवश्य चालू करावी. तशी सोय नसेल तर ठरावीक तासच वीज देणारा साधा टायमर लावला तरी चालते. महिनोन्‌महिने कपाटात ठेवायची पाटी अर्धी भरून, बंद करून ठेवावी.

चार्जिंगच्या वेळची उष्णता वेगळ्या प्रकारची आहे. मँचेस्टरजवळच्या एका मद्योत्पादकाचा पुत्र जेम्स जूल याने १८४१ साली प्रसिद्ध केलेला नियम येथे लागू पडतो: तारेतून वाहणारी वीज दुप्पट झाली की तीत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते. जलद चार्जर बॅटरीत मोठा प्रवाह सोडतो, म्हणून वेळ वाचतो पण पाटी तापते. त्याच वेळी तिच्यावर चित्रपट चालू असेल तर दोन्ही उष्णता एकत्र येतात, आणि ती गादीवर असेल तर तिसरी अडचण. चार्जिंग रात्री किंवा सकाळी, कव्हर काढून, कठीण पृष्ठभागावर आणि काम थांबवून करावे, या साध्या शिस्तीने बहुतेक तक्रारी मिटतात. घाई नसेल तेव्हा कमी वॅटचा चार्जर वापरणे हिताचे. मात्र कमी वॅटचा याचा अर्थ कमी प्रतीचा असा घेऊ नये. चार्जर आणि बॅटऱ्या यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे, आणि आर या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी-क्रमांक त्यांच्यावर छापलेला असतो. तो नसलेला चार्जर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

आता फ्रिजविषयी. फ्रिजमध्ये ४-५ अंश तापमान असते. ठाणे, पणजी, मंगळूर किंवा कोलकाता अशा दमट हवेत तेथून काढलेल्या वस्तूवर क्षणार्धात दव जमते, हे सरबताच्या पेल्यावर रोज दिसते. तेच दव पाटीच्या आत, सूक्ष्म तारांच्या जाळ्यावर जमते, आणि वॉरंटीच्या कागदावर पाण्याने झालेल्या बिघाडाची भरपाई बहुधा नसते. ओल्या फडक्यात गुंडाळणे, बर्फाची पिशवी लावणे, पाणी शिंपडणे हेही त्याच पंगतीतले. तापलेली पाटी चार्जरवरून काढावी, काम थांबवावे, कव्हर काढावे, सावलीत हवेशीर जागी उभी करावी. पंधरा-वीस मिनिटांत ती पूर्ववत होते. यापलीकडे काहीच करायचे नसते, आणि तेच अनेकांना जमत नाही.

ऊब आणि धोका यांतला भेद मात्र प्रत्येक घरात माहीत असला पाहिजे. ४४ अंशांचा पृष्ठभाग क्षणभर हाताला लागला तर काही होत नाही. पण तो काही तास त्वचेला चिकटून राहिला तर भाजते, हे १९४७ सालच्या प्रयोगांपासून ठाऊक आहे. म्हणून चालू किंवा चार्ज होत असलेली पाटी उशाखाली घेऊन कोणी झोपू नये. तान्ही मुले आणि मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे अशी वृद्ध माणसे यांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी; कारण मुलांना सांगता येत नाही आणि वृद्धांना कळत नाही.

दुसरे लक्षण फुगवट्याचे. झिजलेल्या बॅटरीच्या आत वायू साचतो. पडदा एका बाजूने उचललेला दिसतो, पाठीची शिवण सुटते, सपाट टेबलावर ठेवलेली पाटी डुलते. कधी गोडसर, रसायनासारखा वास येतो. अशी पाटी चालू असली, उत्तम चालत असली, तरी तिचे आयुष्य संपले असे समजावे. ती बंद करावी, पुन्हा चार्जरला जोडू नये, दाबून बसवू नये, आणि टाचणीने वायू काढण्याचा उद्योग तर चुकूनही करू नये. आतील द्रव ज्वालाग्राही असतो. आतले तापमान सुमारे १३० अंशांवर गेले की दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळू लागतो, आणि मग बॅटरी स्वतःच स्वतःला तापवीत जाते. उन्हामुळे किंवा खेळामुळे हे तापमान गाठले जात नाही. त्यासाठी बहुधा आत दोष, इजा किंवा बनावट चार्जर असावा लागतो. २०१६ साली सॅमसंग कंपनीला आपला गॅलक्सी नोट ७ हा फोन बाजारातून परत घ्यावा लागला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्पादनच थांबवावे लागले. चौकशीअंती दोष वापरणाऱ्यांचा नसून बॅटऱ्यांच्या रचनेत व घडणीत होता असे दिसून आले. पडलेली, वाकलेली किंवा रस्त्यावरच्या दुकानात अनोळखी बॅटरी घातलेली पाटी म्हणूनच अधिक संशयास्पद.

धूर दिसू लागलाच तर प्रथम माणसांनी दूर व्हावे. भिंतीवरचे बटण सुरक्षितपणे बंद करता आले तर करावे. वीज तोडल्यानंतर दुरून भरपूर पाणी ओतणे हा योग्य उपाय आहे. विमानातील सेवकवर्गालाही अशा प्रसंगी ज्वाला विझवून मग पाणी ओतण्याचेच शिक्षण दिलेले असते. लहान उपकरणाची आग विझल्यावरही आतील उष्णता उतरविणे आवश्यक असते, ते काम पाणी करते. त्या धुराचा श्वास घेऊ नये, आणि जळालेले यंत्र उचलून घरात आणू नये.

फुगलेली बॅटरी घरच्या केरात टाकू नये. केराच्या गाडीत दाबली गेलेली बॅटरी तेथेच पेट घेऊ शकते, आणि तो हात सफाई कामगाराचा असतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये लागू केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा अशी पाटी ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर, मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात ठेवून, लवकरात लवकर कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात नेऊन द्यावी, आणि देताना बॅटरी फुगलेली आहे हे तेथील माणसाला तोंडी सांगावे.